एस्तरमावशीचं लुगडं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं एक जागा अशी येते, की तिथं तुम्ही हसलात तर मला राग येईल, आणि नाही हसलात तर त्याहून जास्त येईल. चहा ओता आधी. बशीत नको, कपातच राहू द्या, गोष्ट लांबायची आहे.

गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. पण लुगडं नेसून केलेला गाढवपणा एकच. तो आज सांगून टाकतो, कारण ज्यांच्यासमोर सांगायची लाज वाटायची ती माणसं आता उरली नाहीत.

बत्तीस-तेहतीस साल असेल. मी बारामतीला मिशनच्या शाळेत तिसरीचा मास्तर होतो. नाव दानियल, पण कंपाउंडात सगळे दानूच म्हणायचे. वय अठ्ठावीस, लग्न नाही, पुढंमागं कोणी नाही. दोन वर्षांचा होतो तेव्हा घरचे सगळे प्लेगात गेले आणि मला कुणीतरी दुसऱ्या गावच्या मिशनच्या बोर्डिंगात नेऊन सोडलं. आई कशी दिसायची हे मला आजही माहीत नाही. नाक कसं होतं, आवाज कसा होता, काही म्हणजे काही नाही. हे आत्ताच सांगतोय, कारण पुढं त्याचं काम पडणार आहे.

तर त्या वर्षी कापणीच्या सणाला इंदापूरच्या मंडळीनं, म्हणजे तिथल्या देवळाच्या लोकांनी, आम्हाला नाटकाचं आमंत्रण धाडलं. कापणीचा सण म्हणजे आमच्या देवळातला मोठा दिवस. लोक कणसं आणायचे, भोपळे आणायचे, पाय बांधलेल्या कोंबड्या आणायचे, आणि उपासना चालू असताना कोंबड्या मधेच आमेन म्हटल्यासारख्या ओरडायच्या. नाटक बसवायचं काम घेतलं आनंदतात्यांनी. तात्या मिशनच्या विणकामशाळेत मागावर बसायचे. पण तरुणपणी ते एका नाटक कंपनीत सहा महिने पडदा ओढायला होते. एवढ्या भांडवलावर ते स्वतःला नाट्याचार्य समजायचे, आणि बारामतीत दुसरं कुणी कंपनीत गेलेलंच नव्हतं, त्यामुळे आम्हीही समजायचो.

देवळाचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब. त्यांनी परवानगी दिली, पण एक अट घातली. बायका स्टेजवर चढणार नाहीत!

"मग आईचं काम कोन करणार, साहेब?" तात्यांनी विचारलं.

"कुणीही करा. पण मिशी नसलेल्यानं करा."

अंगानं सगळ्यांत बारीक मीच. मिशी होती, चांगली पिळाची होती, आणि मी मनात धरलं होतं की पदर जरा खाली ओढला की भागेल. कसलं भागतंय!

नाटकाचं नाव 'संगीत वाढलेलं ताट'. लिहिलं तात्यांनीच. गोष्ट अशी, की एका आईचा मुलगा भांडून घर सोडून जातो. आई रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढून ठेवते. शेवटच्या अंकात तो परत येतो, दारात उभा राहून म्हणतो, "आई, मी आलो." आणि आई म्हणते, "कोण तू? माझा मुलगा हा उंबरा ओलांडून गेला, त्याच दिवशी मला मेला. माघारी फिर!" मग दोघं मिळून अकरा पदं म्हणतात आणि अकराव्या पदाला आई त्याला पोटाशी धरते.

ही गोष्ट तात्यांना सुचली असेल असं तुम्हाला वाटतंय? छे! ती एस्तरमावशीची गोष्ट होती. अख्ख्या कंपाउंडाला ठाऊक होतं.

एस्तरमावशी मूळची वरकुट्याची. नवरा लवकर गेला, तेव्हा बारामतीला आली आणि बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला लागली. एकुलता एक मुलगा, सामू. मावशीला वाटायचं सामूनं मास्तर व्हावं. सामूला शाळा म्हणजे तुरुंग. एकोणिसाव्या वर्षी त्यानं शाळेला कायमचा सलाम ठोकला, त्यावरून मायलेकरांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि मावशी रागाच्या भरात बोलून गेली, "पुन्यांदा तोंड दावू नगं मला!" आई असं शंभर वेळा बोलते हो. पण या कार्ट्यानं ते एकदाच मनाला लावून घेतलं आणि गेला तो गेलाच.

नऊ वर्षं! नऊ वर्षं मावशी रोज संध्याकाळी दौंडहून येणाऱ्या गाडीला जायची. आपली ती छोट्या रुळांची गाडी. स्टेशनाच्या कडुनिंबाखाली बसायची, सगळे उतारू उतरले की उठायची, आणि घरी येऊन सामूचं ताट वाढायची.

ते ताट कोण खायचं? मी!

सामू गेल्यावर वर्षभरानं मी बारामतीला नोकरीला आलो. अन्न वाया जाऊ नये म्हणून सुरुवातीला एकदा मला हाक मारली, आणि मग ती सवयच झाली. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, कधी वांग्याचं भरीत. मी जेवायचो आणि ती समोर बसून बघायची. मला बघायची की माझ्या जागी दुसऱ्या कुणाला, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची भीतीच वाटायची. तिला 'आई' म्हणावं असं मला फार फार वाटायचं. जिभेच्या टोकावर यायचं, आणि बाहेर पडायचं 'मावशी'.

आता सांगा, हे काम मला किती जवळचं! पण तालमीत उभा राहिलो की माझी आई काठीसारखी ताठ. तात्या पेटी वाजवता वाजवता थांबायचे.

"दानू, ही आई हाय का पोलीसपाटील? पोरगं नऊ वर्सांनी आलंय आन् तू त्याचा जबाब घिऊन ऱ्हायलायस!"

"जमेल तात्या, हळूहळू जमेल."

"सणाला धा दिवस ऱ्हायलेत. शनवारपतूर जमलं न्हाय, तर आईचं काम फिलीपला. पोराचं तू कर."

फिलीप म्हणजे आमच्या नाटकातला मुलगा. सुताराचं काम करायचा, गळा गोड. मला ते काम सोडायचं नव्हतं. का, ते तुम्हाला कळलंच असेल. आयुष्यात निदान एकदा, निदान लटकी का होईना, आई कशी असते ते आतून बघायचं होतं मला.

मग तात्यांनी एक तोडगा काढला. म्हणाले, "तू इचार करतोस, म्हनून ताठतोस. कंपनीत आमी काय करायचो? शब्द आला की शब्द निघाला पायजे. झोपेत आला तरी निघाला पायजे. आजपासनं मी कुठंबी 'आई, मी आलो' म्हनीन. तू तितल्या तितं पुढचं बोलायचं."

आणि माझे हाल सुरू झाले!

विहिरीवर पाणी शेंदतोय, मागून आवाज, "आई, मी आलो!" मी पोहरा सोडून गरजतो, "माघारी फिर!" पोहरा विहिरीत. शाळेत पाढे घेतोय, खिडकीत तात्यांचं डोकं, "आई, मी आलो!" मी तेरा सातेवरून थेट, "माझा मुलगा त्याच दिवशी मला मेला!" त्याच वेळी एक उशिरा आलेली पोरगी दारात उभी होती. ती खरंच माघारी फिरली आणि दोन दिवस शाळेत आली नाही.

न्हाव्यासमोर बसलो होतो, मिशीला नुसता आकार द्यायचा म्हणून. वस्तरा ओठावर टेकलेला, आणि पिंपळाच्या आडून फिलीपनं हाक दिली! तात्यांनी त्यालाही कामाला लावलं होतं. मी "कोण तू?" म्हणालो तेव्हा एका बाजूची मिशी होती, "माघारी फिर" म्हणालो तेव्हा नव्हती. मग दुसरी ठेवून काय करणार?

मावशी एकदा तालीम बघायला पडवीत येऊन बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "तात्या, कुठली आई असं बोलंल रं?"

"मावशी, ह्ये नाटक हाय. तिनं लगीच जवळ केला तर माझी अकरा पदं कुठं घालू?"

"घाल चुलीत," असं म्हणून मावशी उठून गाडीला गेली.

शुक्रवार आला. दुसऱ्या दिवशी माझा निकाल. दुपारी मावशीकडं डोकावलो तर ती घोंगडीखाली थडथड उडत होती. हिवताप. कपाळाला हात लावला तर चटका बसला. आणि एवढ्या तापात ती उठून ट्रंकेतून काहीतरी काढायची धडपड करत होती.

"मावशी, पड गप. काय पाहिजे?"

"दानू, माझं लुगडं काड."

ट्रंकेत वर घडी घातलेलं एक जांभळं लुगडं होतं. खांद्याशी येईल असं एक पांढरं ठिगळ. ते लुगडं मी रोज बघायचो, पण ते ती फक्त गाडीला जातानाच नेसते हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"ह्ये सामूनं जाळल्यालं हाय," ती ठिगळावर बोट ठेवून म्हणाली. "बारकं असताना कंदील सांडला व्हता. नऊ वर्सांत पोरगं माजं तोंड इसरंल, पर ह्ये लुगडं न्हाय इसरायचं. म्हनून जपलंय. आज माजं पाय उभं ऱ्हात न्हाईत. तू जा. लिंबाखाली बस. लुगडं हातावर धर, लोकांना दिसंल असं. सनाचा आठवडा हाय. आला तर ह्याच दिसांत यील."

"जातो मावशी."

"गाडी चुकवू नगंस. नऊ वर्सांत म्या एक दीस चुकवली न्हाय."

मी 'बरं' म्हणालो. पण खरं सांगू? सामू येईल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. नऊ वर्षांत नाही आला तो आज कशाला येतोय? माझ्या डोक्यात उद्याची तालीम. आणि तिथं माझी अक्कल पाजळली. म्हटलं, मावशीचं लुगडं आहे, मावशीची जागा आहे, संध्याकाळची वेळ आहे. नेसूनच बसावं! पदर ओढून तिच्यासारखं बसलो, तिच्यासारखी वाट पाहिली, तर आई अंगात येईल. हातावर धर म्हणाली होती ती. मी अंगावर घेतलं!

पडवीमागं जाऊन कासोटा घातला, पदर नाकापर्यंत ओढला आणि सांज कलताना कडुनिंबाखाली जाऊन बसलो. ओळखीचे दोघंतिघं "सलाम एस्तरमावशी" म्हणून गेले. मी मान हलवली. मनात म्हटलं, वा, दानू!

गाडी आली. कोण पेंड्या घेऊन उतरला, कोण गुळाची ढेप घेऊन. मी मावशीसारखा एकेक चेहरा बघत होतो. आणि काय झालं कोण जाणे, बघता बघता मला खरंच वाटायला लागलं, की यातलं कुणीतरी माझं असावं. कुणीतरी माझ्याकडं यावं. इतक्यात शेजारी कुणीतरी गुडघे टेकले, माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडक्या आवाजात म्हणालं,

"आई, मी आलो."

आता तुम्हीच सांगा, आठवडाभर ज्या माणसाला विहिरीवर, वर्गात, न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली याच शब्दांनी छळलंय, तो काय करणार? मला वाटलं, फिलीप! तात्यांनी इथंही पाठवला! काय बेरकी माणूस!

आणि मी बोललो. अहो, काय बोललो! आवाज फाटला, डोळ्यांतून खरं पाणी. "कोण तू? माझा मुलगा हा उंबरा ओलांडून गेला, त्याच दिवशी मला मेला. माघारी फिर!"

पायावरचं डोकं हळूच उचललं गेलं. अंधारून आलं होतं, पदर नाकावर, मला फक्त त्याचे हात दिसले. ते जमिनीवर तसेच टेकलेले होते थोडा वेळ. मग तो उठला आणि गाडीकडं गेला. मी मनात म्हटलं, फिलीपनं आज कमाल केली! एवढं चांगलं काम तर तो तालमीतही करत नाही.

मी तसाच लुगड्यात तालमीच्या पडवीत गेलो. चालत नव्हतो, तरंगत होतो.

"तात्या! पाहिलंत की नाही? जमलं! फिलीपला विचारा!"

तात्यांनी पेटीवरचे हात काढले. "फिलीपला काय इचारू?"

मी कोपऱ्यात बघितलं. फिलीप बसला होता. दोन्ही गालांना फडकं बांधलेलं, तोंड भोपळ्याएवढं. गालगुंड! सकाळपासून त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"मग स्टेशनावर मला 'आई, मी आलो' कोण म्हणालं?"

तात्या माझ्या अंगावरचं लुगडं बघत होते. मग ठिगळ बघितलं. मग माझं तोंड.

"दानू," तात्या अगदी हळू म्हणाले, "तू काय बोललास त्याला?"

तेवढ्यात इंजिनानं शिट्टी दिली. इथं अर्धा तास थांबून, पाणी पिऊन तीच गाडी दौंडला परत जायची.

पुढचं मला नीट आठवत नाही. पाळकसाहेबांची सायकल देवळाच्या भिंतीला टेकलेली होती, ती मी घेतली एवढं खरं. मागून साहेब ओरडत होते, "अरे, कोण ही बाई? बाईमाणूस सायकलवर! हिला मंडळीतून काढा!"

स्टेशनावर पोचलो तर गाडीचा मागचा दिवा हलत चाललेला. पण आपली गाडी म्हणजे काय, माहीत आहे ना? चढ आला की उतारू खाली उतरून पाय मोकळे करायचे. मी गाडीच्या मागं सायकल हाणली. रस्ता कसला, चाकोरीच. वाटेत गाडीवान बैल थांबवून बघायचे. एकजण ओरडला, "आजे, दमानं! पडशील!" त्याला थांबून काय सांगू? सगळा रस्ता माझ्या डोळ्यांसमोर मावशीची घोंगडी. नऊ वर्षांत तिनं एक दिवस, एकच दिवस दुसऱ्यावर भरवसा टाकला, आणि तो माझ्यावर!

कटफळला गाडी थांबलेली मिळाली. गार्ड कुणाशी तरी वांग्यांचा भाव करत होता, देव त्याचं भलं करो. मी सायकल टाकली आणि डबा डबा ओरडत सुटलो, "सामू! अरे सामू!"

तिसऱ्या डब्यात कंदिलाच्या उजेडात एक दणकट माणूस खिडकीशी बसला होता. माझ्याकडं बघून त्यानं तोंड फिरवलं.

"जा आई. तू बोललीस, म्या ऐकलं."

"अरे, मी तुझी आई नाही!"

अख्ख्या डब्यातून 'अरारा' असा आवाज निघाला. एक फेटेवाला म्हातारा पुढं झाला. "म्हातारे, आता तरी गप बस! बारामतीला हाकललंस ते आमी बघितलं. आता कटफळपतूर त्येच सांगाया आलीस व्हय?"

"तसं नाही हो! खरंच मी याची आई नाही!"

"बघा, बघा, परत त्येच!" शेजारची बाई म्हणाली. "काळीज हाय का धोंडा?"

"जल्म दिलास ना त्याला?" फेटेवाला तापला.

"नाही दिला!" मी रडकुंडीला येऊन ओरडलो.

एव्हाना सामूचे खांदे हलायला लागले होते. आता काय करायचं? मी डब्यात चढलो, पदर ओढून काढला, आणि कापलेल्या केसांचं माझं टाळकं कंदिलाखाली धरलं. "मी दानियल मास्तर! बारामतीच्या मिशनच्या शाळेतला! तिसरीचा!"

फेटेवाल्यानं कंदील माझ्या तोंडाजवळ आणला.

"आरं तिच्या!" फेटेवाला म्हणाला. "ह्यो तर बाप्या हाय!"

सामू उठला. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. खांद्यावरच्या ठिगळाला हात लावला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आईचं लुगडं तुझ्या अंगावर कसं? आई... आई हाय ना?"

मघाशी म्हणालो ना, एक जागा येते? ती ही.

"हाय रे, हाय," मी म्हणालो. माझ्याही तोंडून 'हाय'च निघालं. "तापलीय. उभं राहवत नाही. रोज येते तुझ्यासाठी, नऊ वर्षं रोज. आज मला बसवलं होतं. तुला घेऊन ये म्हणून बसवलं होतं. आणि मी..."

मग मी सगळं सांगितलं. तात्या, पदं, विहीर, न्हावी, सगळं. सामूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्या कानफटात अशी वाजवली, की त्या कानानं मला पुढं दोन दिवस पेटीचे सूर ऐकू आले नाहीत. फेटेवाला म्हणाला, "आनि एक दे, माज्याकडनं." पण सामू तोवर खाली उतरला होता.

माझे पाय गेलेले. सायकल त्यानं चालवली, मी मागं बसलो. वाटेत त्याला विचारलं, "इतकी वर्षं होतास कुठं?"

तो पाय मारत म्हणाला, "दौंडात. मोठ्या लाइनीच्या इंजनात कोळसा भरायला."

"दौंडात? अरे, मग या गाडीनं बसलं की..."

"रोज ही गाडी सुटताना बघायला यायचो. बसायचं धाडस न्हाय झालं. वाटायचं, गेलो आन् ती बोलली, 'कशाला आलास', तर?"

रुळाच्या या टोकाला ती बसलेली, त्या टोकाला हा उभा, आणि मधे ही इवलीशी गाडी रोज जात-येत होती. आणि ज्या दिवशी हा बसला, त्या दिवशी तेच बोलायला या टोकाला मी बसलेलो! मी पदरात तोंड घालून रडलो. वेशीजवळ दोघंजण उभे होते, त्यातला एक म्हणाला, "आईला सायकलवरनं फिरवतोय बघ. असा ल्योक पायजे."

मावशीच्या दारात आलो तेव्हा मी मागं राहिलो. सामू उंबऱ्याशी उभा राहिला. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. कसा फुटेल? बोलायचे तेच तर शब्द मी नासवले होते. आत मावशीनं घोंगडीतून डोकं वर केलं. माझे कान टवकारलेले. एवढ्या वर्षांनी आई काय बोलते, ते आता कळणार होतं.

मावशी म्हणाली, "जेवलास का रं?"

बस. एवढंच. ना पद, ना पल्लेदार वाक्य. मग सामू आत गेला आणि मी लुगड्याचा पदर सावरत तिथून निघून आलो.

त्या दिवसाचं मावशीच्या घरचं ताट मी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता ज्याचं ताट होतं तो आला होता, मग आपण कुठल्या तोंडानं जायचं? सामू आला याचा आनंद होता हो. पण संध्याकाळ झाली की पाय आपोआप तिकडं वळायचे आणि मी त्यांना ओढून परत आणायचो. खोलीत बसून फुटाणे खायचो. फुटाण्यांनी पोट भरतं, पण समोर बसून बघणारं कुणी नसतं.

आणि नाटक? झालं की! आईचं काम माझ्याकडंच राहिलं, कारण फिलीपचे गाल जेमतेम उतरले होते आणि तात्यांना दुसरा बारीक माणूस मिळाला नाही. इंदापूरला देवळासमोर मांडव, भोपळ्यांच्या राशी, माणूस मावेना. पुढच्या रांगेत ताप उतरलेली मावशी आणि सामू. शेवटचा अंक आला. फिलीप दारात उभा राहून म्हणाला,

"आई, मी आलो."

तात्यांनी पेटीवर पहिल्या पदाचा सूर धरला. मी तोंड उघडलं. समोर सामू बसलेला दिसला. आणि खरं सांगतो, ते वाक्य घशातून वर येईनाच. शब्द आला की शब्द निघाला पाहिजे ना? निघाला.

"जेवलास का रं?"

फिलीप भांबावला. त्याला माझ्या 'माघारी फिर'वर पहिलं पद म्हणायचं होतं. तो बिचारा खरं तेच बोलला, "न्हाय." मग मी ताट पुढं केलं. तो जेवायला बसला. आता पुढं कसली पदं म्हणणार? मांडवात बायका पदर डोळ्यांना लावून हुंदके देत होत्या, आणि विंगेत तात्या दात-ओठ खात होते, "अकरा पदं! अरे माझी अकरा पदं!" शेवटी पडदाच ओढावा लागला. तो मात्र त्यांनी फार सफाईनं ओढला.

तात्या बारामतीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

परतलो त्या दिवशी संध्याकाळी मावशीचं लुगडं धुऊन, घडी घालून परत द्यायला निघालो. देऊन लगेच फिरायचं असं ठरवूनच. ओट्यावर सामू आणि तात्या बसले होते. तात्यांनी मला बघून मान फिरवली. आत चुलीवर भाकरी भाजल्याचा वास. दारातून दिसलं, मावशीनं दोन ताटं वाढून ठेवली होती. एक सामूचं, एक तात्यांचं असणार, म्हटलं. तेवढ्यात तात्या फुरंगटून म्हणाले, "म्या घरनं जेवून आलोय." मग दुसरं ताट कुणाचं?

इतक्या वर्षांचं जिभेच्या टोकावरचं, ते आता राहीना. लुगडं छातीशी धरून मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणाच्याही तालमीशिवाय म्हणालो,

"आई, मी आलो."

मावशीनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. हातातली भाकरी हळूच टोपलीत ठेवली, पदर खोचून उभी राहिली, आणि सबंध आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कोन तू? माझा मुलगा हा उंबरा वलांडून ग्येला, त्याच दिवशी मला म्येला. माघारी फिर!"

हातातलं लुगडं खाली पडलं, खरंच माघारी वळलोही मी. तेव्हा कुठं मागून तिचं हसू ऐकू आलं. अशी हसली, की हसता हसता खालीच बसली. "बस, दानू, भाकरी निवंल," म्हणाली, आणि सामूनं मला दंडाला धरून ताटावर बसवलं.

आणि तात्या? इंदापूरपासूनचा अबोला सोडून ते ओट्यावरून ताडकन उठले आणि माझ्याकडं बोट दाखवून ओरडले,

"ऐकलंस, गाढवा? अस्सं म्हनायचं असतं!"